ढेप ओतू नका, शिजवून घाला : मत्स्यसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर संस्थेची सभा होते तेव्हा बोटुकलीवर, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटाएवढ्या पिल्लांवर, तासभर चर्चा चालते. किती नग, कुठल्या केंद्रातून, भाव काय, गाडीभाडं कोणाचं. खाद्याचा विषय मात्र ‘कोंडा आणि ढेप नेहमीप्रमाणे’ एवढ्या एका ओळीत आटोपतो. ढेप म्हणजे तेलबियांचं तेल काढल्यावर उरलेली पेंड. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

आधी कुठल्या पाण्याबद्दल बोलतोय ते सांगतो. बोडी (शेतातला लहान तलाव), शेततळं, संवर्धनाचे लहान तलाव, जलाशयातले पिंजरे. पन्नास-शंभर हेक्टरच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पोत्यांनी खाद्य ओतलं तरी माशाच्या पोटात किती गेलं आणि गाळात किती गेलं, हे कळायला मार्ग नाही. तिथे पाण्यातली वनस्पती, शेवाळ आणि किडे हेच माशांचं अन्न. ते राखा. गवत्या मासा (ग्रास कार्प) बेसुमार सोडला तर तो ही वनस्पतीच संपवतो आणि तिच्या आडोशानं वाढणारे गावरान मासेही कमी होतात. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे, इथे थांबतो.

बोडीत काय होतं ते पाहू. सुका कोंडा काठावरून उधळला की तरंगतो, वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथेच आंबतो. ढेपेचे खडे सरळ तळाला जातात. मासा त्यातलं जमेल तेवढं खातो, उरलेलं कुजतं. कुजायला प्राणवायू लागतो, तो पाण्यातूनच जातो, म्हणून ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात. त्यावर ‘पाणी फिरलं’ असं म्हणून चुना टाकला जातो. मूळ कारण आदल्या पंधरवड्यात ओतलेल्या पोत्यांत असतं. माशाला येणारा मातकट वासही बहुधा इथूनच सुरू होतो. अति खाद्यानं पाणी हिरवं होतं, त्यातलं निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतं आणि ते माशाच्या मांसात उतरतं. ढेपेनं मासा बेचव होतो म्हणतात. दोष ढेपेचा नाही, ओतण्याचा आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की खाद्य वनस्पतीचंच असू द्या, पण दळलेलं, शिजलेलं आणि मोजलेलं असू द्या. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना वाढीच्या काळात २५ ते ३० टक्के प्रथिनं पुरतात आणि ती समुद्रातल्या मासळीची भुकटी न वापरता देता येतात. तिलापिया आणि पंगसचंही बरंचसं भागतं. मरळीचं भागत नाही. ती मांसाहारी आहे, तिला नुसत्या सोयावर वाढवण्याचं स्वप्न कुणी विकत असेल तर घेऊ नका. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतच्या पिल्लांनाही ३५ टक्क्यांच्या वर आणि थोडी प्राणिज प्रथिनं लागतात. टसर कोषातले किडे मिळाले तर ते वाळवून, तेल काढून, दळून त्या वयाला द्यावेत. तेवढ्यापुरता शाकाहाराचा हट्ट सोडावा.

आता घटक. इथे चूक सर्वांत जास्त होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

कोंडा म्हणून जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं. जुन्या हलरच्या गिरणीतून तूस मिसळलेला कोंडा येतो, त्यात प्रथिनं सहा-आठ टक्के आणि बाकी भुसा. माशाला तूस पचत नाही. आधुनिक राइस मिलचा चोख कोंडा बारा-तेरा टक्क्यांचा, तेलकट, मऊ. तेल काढलेला कोंडा, म्हणजे डीओआरबी, चौदा ते सोळा टक्क्यांचा, कोरडा आणि टिकाऊ. चोख कोंड्याची अडचण अशी की धान भरडल्या क्षणापासून त्यातलं तेल फुटायला लागतं. आठवड्याभरात तो कडवट, साबणासारखा वास मारतो आणि असा खवट कोंडा माशाच्या यकृतावर जातो. उसन्या, म्हणजे धान उकडून केलेल्या, तांदळाचा कोंडा वाफ लागल्यामुळे जास्त टिकतो. म्हणून मिलवाल्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. कोंडा कोणत्या दिवशीचा आहे ते विचारा आणि चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा.

सोयाची तेल काढलेली ढेप, म्हणजे डीओसी, ४४ ते ४८ टक्के प्रथिनांची. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांतले दोन आवश्यक घटक. वनस्पतींत लायसिन हिच्यात चांगलं, मेथिओनिन कमी. तिळाच्या ढेपेचं बरोबर उलट आहे, मेथिओनिन भरपूर आणि लायसिन कमी. दोन्ही एकत्र आल्या की एकीचं उणं दुसरी भरून काढते. आपल्याकडे तीळ होतो, पण माशाच्या खाद्यात तो फारसा कुणी धरत नाही. भुईमुगाची ढेप ४० ते ४५ टक्के, माशाला आवडते, पण पावसाळ्यात बुरशी पहिली तिलाच लागते. बुरशीचं अफलाटॉक्सिन शिजवल्यानं जात नाही. वरची बुरशी झटकून ढेप वापरली तर विष आतच राहतं. बुरशीची ढेप म्हणजे फेकायची ढेप.

सरकी ढेप विदर्भात सर्वांत सहज मिळणारी, आणि तीच सर्वांत जपून वापरायची. तिच्यातलं गॉसिपोल लायसिनला बांधून ठेवतं, म्हणजे कागदावर प्रथिनं दिसतात आणि माशाला मिळत नाहीत. टरफलासकटची ढेप जेमतेम बावीस-चोवीस टक्क्यांची, उरलेलं टरफल आणि कापसाचे तंतू. टरफल काढलेली असेल तर मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत चालेल. अंड्यावरच्या, म्हणजे प्रजननाच्या माशांना अजिबात नको. जवसाच्या ढेपेत जीवनसत्त्व ब-६ अडवणारं द्रव्य आणि चिकट बुळबुळीतपणा असतो, पण ओमेगा-३ तेलासाठी ती हवीच. शंभर किलोत पाच-सहा किलोंच्या पुढे जाऊ नका. लाखोळीत, म्हणजे लाखेच्या डाळीत, मज्जातंतूंना घातक विषद्रव्य असतं. ती आमच्या मिश्रणात नाही.

पाण्यावर तरंगणाऱ्या अझोला वनस्पतीबद्दल थोडं, कारण प्रत्येक प्रशिक्षणात ती दाखवतात. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दहा किलो हिरव्या अझोलातून सुकं द्रव्य सहा-सातशे ग्रॅम आणि प्रथिनं दीडशे ग्रॅमच्या आसपास. गवत्याला टाका, तिलापियाला टाका, पण तिला खाद्याची बदली समजू नका.

सोया डीओसी कच्ची आहे का भाजलेली, हे पोत्यावरून कळत नाही. कच्च्या सोयात ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, रोखणारं द्रव्य असतं. मासा खातो, पोट फुगतं, वजन वाढत नाही. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, घरातला युरिया पुरतो. कच्च्या सोयात युरियेज नावाचं विकर असतं आणि ते युरियापासून अमोनिया तयार करतं. उष्णतेनं ट्रिप्सिन रोखणारं द्रव्य जातं तेव्हा युरियेजही जातं. म्हणून युरियेज शिल्लक असेल तर सोया कच्चा.

दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे दळलेली डीओसी घाला. एकीतच अर्धा चमचा युरिया. दोन्हींत अर्धा-अर्धा कप कोमट पाणी. वहीच्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून आधीच वाळवून ठेवा. ती ओली करून झाकणाखाली अडकवा, पाण्याला लागू देऊ नका, झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासानं उघडा. युरियाच्या बरणीत नाकाला झोंबणारा वास आणि पट्टी लालसर-तपकिरी झाली तर माल परत करा. वास अगदी हलका, तोही उशिरा आला तर ठीक. मात्र काहीच न होणं आणि डीओसीचा रंग गडद तपकिरी असणं, हे दोन्ही एकत्र दिसलं तर ती जळालेली आहे, तिच्यातलं लायसिन गेलं. रंग फिकट सोनेरी हवा.

हीच कसोटी उलटी करून दुसरी चोरी पकडता येते. बरेच जण गाई-म्हशींचं पशुखाद्य बोडीत टाकतात, पोत्यावर ‘प्रथिनं २० टक्के’ लिहिलेलं असतं म्हणून. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे शंभर किलोत एक किलो युरिया घातला की कागदावर प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. गाईच्या पोटातले जिवाणू त्या युरियाचा उपयोग करतात, म्हणून पशुखाद्यात थोडा युरिया घालणं रीतीचंच आहे. माशाला असं पोट नाही. त्याला तो निव्वळ उपद्रव, आणि पाण्याला खत. तपासायचं तर खाद्याची बरणी घ्या, त्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि पाणी घाला, हळदीची पट्टी लावा. दुसऱ्या बरणीत तेच पीठ आणि पाणी, खाद्य नाही. पहिलीतच वास आला तर युरिया आहे.

खनिज मिश्रणातही हीच गल्लत होते. वनस्पतीतलं दोन-तृतीयांशाच्या आसपास स्फुरद फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं, ते माशाला मिळत नाही. म्हणून वरून द्यावं लागतं आणि आपण जनावरांचं डायकॅल्शियम फॉस्फेट घालतो. पण रोहू-कटला-सायप्रिनसच्या कुळाला जठरच नसतं, आम्ल नसतं. सायप्रिनसवरच्या प्रयोगांत मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधलं नव्वद टक्क्यांहून जास्त स्फुरद माशाला मिळालं, डायकॅल्शियममधलं निम्म्याहून कमी आणि ट्रायकॅल्शियममधलं जेमतेम आठवा हिस्सा. उरलेलं पाण्यात जातं आणि शेवाळ पोसतं. मोनोकॅल्शियम, म्हणजे एमसीपी, मागवावं लागतं आणि महाग पडतं, पण शंभर किलोत दीड किलोच लागतं.

वाढीच्या माशांसाठी शंभर किलोचं मिश्रण असं : सोया डीओसी २८ किलो, भुईमुगाची ढेप ८, तिळाची ढेप ६, जवसाची ढेप ६, ताजा चोख कोंडा ३६, कनकी (तांदळाची कणी) १२, एमसीपी दीड किलो, माशांचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १ किलो, जवस तेल १ किलो, मीठ अर्धा किलो. प्रथिनं २६ टक्क्यांच्या आसपास बसतात. तीळ मिळाला नाही तर ते सहा किलो भुईमुगात घाला. कोंड्याऐवजी डीओआरबी घेतला तर तेल दोन किलो करा आणि एक किलो कोंडा कमी करा. सोया स्वस्त झाला म्हणून चाळीसवर नेऊ नका. मेथिओनिन आणखी कमी पडेल आणि प्रथिनं वाया जातील.

करायची रीत. सगळ्या ढेपा आणि कोंडा बारीक चाळणीतून गेला पाहिजे, रव्याहून बारीक. जाड दळण म्हणजे फुटकी गोळी आणि अर्धवट पचन. एमसीपी आणि मीठ आधी पाच किलो कोंड्यात कालवा, मग तो कोंडा ढिगात. थेट ढिगात टाकलं तर एका गोळीत मूठभर आणि दुसरीत काहीच नाही. कनकीची घट्ट पेज शिजवा. हाच तुमचा डिंक. पेज आणि पाणी घालून पोळीच्या कणकेहून थोडी घट्ट कणीक मळा. पाणी साधारण ३० ते ३५ किलो लागतं, पेजेतलं धरून. ही कणीक मोठ्या गंजात (पातेल्यात), तळाला पाणी आणि मध्ये जाळी ठेवून, २० ते २५ मिनिटं वाफवा. हाताला सोसेल इतकी निवली की जीवनसत्त्वं आणि तेल घाला. गरम कणकेत जीवनसत्त्व क टिकत नाही. हा एक टप्पा चुकला तर किलोभर महागडं मिश्रण वाफेवर गेलं समजा. मग शेवयाच्या धर्तीच्या यंत्रातून दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीनं काढा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. वाळलेली गोळी बोटांत कट् करून मोडली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि आठवड्यात बुरशी येईल. ग्लासभर पाण्यात टाकून पाहा, अर्धा तास तरी आकार राहिला पाहिजे. पाच मिनिटांत विरघळत असेल तर दळण जाड आहे किंवा वाफ कमी पडली.

ही गोळी बुडते. तरंगणाऱ्या गोळीला मोठ्या दाबाचं एक्सट्रूडर लागतं, ते गावच्या यंत्राचं काम नाही. बुडती गोळी रोहू-मृगळला चालते. कटला वरच्या थरात खातो, त्याला थोडं कमी मिळतं. खाल्लं का नाही हे दिसावं म्हणून पाण्यात बुडवलेलं खाद्याचं तबक हवंच.

जुलै-ऑगस्टमध्ये गोळी वाळतच नाही. हट्ट करू नका. त्या दोन महिन्यांत वाफवलेल्या कणकेचे लाडू रोजच्या रोज करून तबकात ठेवा. साठवण नाही, बुरशी नाही.

मात्रा. एकराच्या बोडीत दोन हजार बोटुकली धरू. ऑगस्टमध्ये वीस ग्रॅमची असेल तर एकूण वजन चाळीस किलो. पाच टक्क्यांनी रोजचं खाद्य दोन किलो. नोव्हेंबरात अठराशे मासे दोनशे ग्रॅमचे, ३६० किलो. तीन टक्क्यांनी साधारण अकरा किलो. मार्चमध्ये सतराशे मासे साडेचारशे ग्रॅमचे, ७६५ किलो. दोन टक्क्यांनी पंधरा किलो. म्हणजे ऑगस्टमध्ये अर्धं पोतं ओतणारी संस्था गरजेच्या दहापट ओतते. दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्यानं पंचवीस-तीस मासे काढून वजन करा आणि वहीत लिहा. डिसेंबर-जानेवारीत पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की मात्रा निम्मी. मासा खात नाही, गाळ खातो.

मीटरभर लांबी-रुंदीची, बांबूच्या चौकटीला बारीक जाळी लावलेली तबकं एकराला सहा ते आठ, तळापासून वीतभर वर. सकाळी नऊनंतर निम्मं, दुपारी निम्मं. पहाटे कधीच नाही, तेव्हा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. दोन तासांनी तबक उचला. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी. मासे पहाटे वर आले त्या दिवशी खाद्य बंद, कितीही जीव तुटला तरी.

खर्चाचा हिशोब पोत्याच्या भावावर होऊ नये. समजा, ओतलेला कोंडा-ढेप २५ रुपये किलो आणि किलोभर मासा वाढायला तो चार किलो लागतो : शंभर रुपये. शिजवलेली गोळी ४० रुपये किलो आणि लागते १.८ किलो : ७२ रुपये. आकडे तुमच्या गावचे घाला, पण गुणाकार हाच करा. किती किलो खाद्याला किती किलो मासा, हे ज्या संस्थेच्या वहीत नाही तिनं स्वस्त-महाग बोलू नये.

यंत्राबद्दल आमचं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत दिवसाला दोन टनांच्या लहान खाद्यगिरणीचा प्रकल्पखर्च ३० लाख रुपये धरला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के. आकर्षक आहे. पण एकराची बोडी वर्षाला दीड टनाच्या आसपास खाद्य खाते. दिवसाला दोन टन, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे चारशे टन. ते खपायला अडीचशे एकरांहून जास्त बोड्या लागतील. एका संस्थेचं हे काम नाही. आठ-दहा संस्था लेखी करार करून एकत्र येत असतील तरच अर्ज करा. नाहीतर चक्की, गंज आणि साडेसात-दहा एचपीचं गोळीयंत्र एवढ्यावर दोन हंगाम काढा, वही ठेवा, मग मोठं बघा. उलट क्रमानं गेलात तर शेडमध्ये गंजलेलं यंत्र आणि बँकेचा हप्ता राहतो.

खरेदीचं वेळापत्रक मात्र एकट्या संस्थेलाही बदलता येतं. सोयाचा नवा हंगाम ऑक्टोबरपासून, धानाची भरडाई नोव्हेंबरपासून. डीओसी आणि डीओआरबी तेव्हा थेट घाऊक घ्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. चोख कोंडा आणि भुईमुगाची ढेप कधीच साठवू नका. ढेप पंधरा दिवसांपुरतीच आणा, पावसाळ्यात आठ दिवसांपुरती; चोख कोंडा मात्र आठवड्याच्या आत संपेल एवढाच.

येत्या सभेत चार ठराव घ्यावेत अशी विनंती. कच्ची ढेप आणि सुका कोंडा थेट पाण्यात टाकणं बंद. डीओसीची प्रत्येक खेप बरणीच्या कसोटीनंतरच उतरवायची, आणि ती दोन सभासदांसमोर. प्रत्येक बोडीची पंधरवडी वजनाची वही सचिवांकडे जमा. आणि पहिल्या हंगामात निम्म्या बोड्यांत शिजवलेली गोळी, निम्म्यांत जुनी पद्धत, बोटुकली मात्र एकाच गाडीतली. एप्रिलमध्ये दोन्हींची जाळी सभासदांसमोर ओढा. नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात या विषयाचे जाणकार आहेत. वही घेऊन गेलात तर बोलणं नेमकं होईल.

आपले,
पूर्व विदर्भातील मत्स्यखाद्याचं काम करणारे काही जण

ता. क. – मोहाची ढेप याच दुकानांत, तशाच पोत्यांत मिळते. तलावातले नको असलेले मासे मारायला ती एक मीटर खोल पाण्यात हेक्टरी अडीच हजार किलो टाकतात. तिच्यातलं सॅपोनिन पंधरा-वीस दिवस पाण्यात राहतं. ती खाद्याच्या खोलीत आणूच नका, तिची रिकामी पोती खाद्याला वापरू नका, आणि ज्या चक्कीवर ती दळली ती चक्की धुतल्याशिवाय खाद्याला लावू नका.